अकरावा शेवट

"तो टोस्ट तुम्ही खाल्लात?"

एमेट लॉरीने तोंडातला घास तसाच धरून ठेवला. चित्रपट स्टुडिओच्या स्टेज नऊवरचा त्याचा हा पहिलाच दिवस. नाश्त्याचे टेबल मांडलेले दिसले, आसपास कुणी नव्हते, आणि सकाळपासून पोटात काहीच नव्हते…

"कालच्या शॉटमध्ये तो डाव्या बाजूने कुरतडलेला आहे," गळ्यात स्टॉपवॉच अडकवलेली तरुणी म्हणाली. "आज त्याच्याच पुढचा शॉट. आणि तुम्ही पुरावाच गिळलात!"

"मी… मी नवा लेखक आहे."

"चौथे ना? आधीचे तिघे निदान सेटवरच्या सामानाला हात लावत नव्हते." तिने वहीतले टोस्टचे चित्र, दातांच्या खुणांसकट, त्याच्यापुढे धरले आणि ताजा तुकडा हाती दिला. "हं, चावा. डावीकडून. जरा कमी… अहो, प्रेमाने!"

तो कानापर्यंत लाल झाला.

तिचे नाव ॲडेला कोवाक. सेटवरच्या प्रत्येक कपाची, बटणाची आणि उच्चारलेल्या शब्दाची नोंद ठेवणे, हे तिचे काम.

वीस वर्षांपूर्वी याच स्टुडिओने काढलेल्या एका विनोदी प्रेमपटाची ही नवी, रंगीत आवृत्ती होती. गोष्ट साधीच, एका टॅक्सीवालीची आणि एका बँकवाल्याची. पण चित्रपटाला जणू कुणाची दृष्ट लागली होती. दोन दिग्दर्शक सोडून गेले होते; तिसरा दिवसभर पोटाच्या गोळ्या चघळत असे. नायक-नायिकेचा तर अबोलाच होता. नायिकेचे, म्हणजे मिस लेनॉक्सचे, जवळचे शॉट सुरू झाले की नायक आपल्या खोलीत निघून जाई, आणि त्याची वाक्ये कॅमेऱ्याशेजारी उभी राहून ॲडेला वाची. नियमाप्रमाणे सपाट, भावनेवाचून. दिव्यांमागच्या अंधारात बसून एमेट ऐके. 'तुझ्यावाचून मला करमत नाही' हे आपलेच वाक्य तिच्या तोंडून किराणा मालाच्या यादीसारखे उतरले की त्याच्या आत काहीतरी हळूच मोडे… आणि दुसऱ्या दिवशी तो त्याहून सुंदर वाक्य लिहून आणी.

"मिस्टर लॉरी, नायक हल्ली फारच गोड बोलायला लागलाय," ती एकदा म्हणाली.

"वाईट आहे का?"

"वाईट नाही हो. वाचताना जीभ अडखळते, एवढंच."

मूळ चित्रपट दोघांनी एकत्र पाहिला. जेवणाच्या सुट्टीत, प्रक्षेपणाच्या लहानशा खोलीत, मांडीवर सँडविच घेऊन. शेवटी बँकवाला म्हणतो, लग्न करायचे तर टॅक्सीची चावी माझ्या हाती दे. ती देत नाही. त्याला पावसात उभा करून निघून जाते, आणि मग तोच तिच्यामागे धावतो.

"आईने मला हा सात वेळा दाखवला," पडद्यावरून नजर न काढता ॲडेला म्हणाली. "वडील सोडून गेले त्या वर्षी. ती बाई माफी मागत नाही ना… तेवढं बघायला जायची आई."

 आपले उरलेले सँडविच एमेटने तिच्याकडे सरकवले.

नेमका तोच शेवट निर्माते मिस्टर हॅलोरन यांना नको होता. एमेटने लिहिलेले दहा शेवट त्यांनी नापास केले, आणि अकरावा स्वतःच सांगितला: टॅक्सीवाली चावी देऊन टाकते आणि म्हणते, 'माझं चुकलं.'

एमेटने तो लिहिला. नाही म्हणणे त्याला आयुष्यात कधी जमलेच नव्हते.

ॲडेलाने बदललेल्या संवादांचे ते गुलाबी कागद वाचले. "टायपिंग छान झालंय," एवढेच ती म्हणाली, आणि त्या आठवड्यात तिने त्याच्याकडे एकदाही पाहिले नाही.

शेवटच्या प्रसंगाचा दिवस उजाडला. बाहेर वाळवंटावरून येणारा तापलेला वारा नीलगिरीची पाने उडवत होता. आत मात्र छताच्या नळ्यांतून पाऊस कोसळत होता. मिस लेनॉक्स टॅक्सीला टेकून भिजत उभी होती. पावसाच्या नळ्यांनी तीन टेक वाया घालवले, आणि चौथ्यांदा कॅमेरा सुरू झाला. ॲडेलाने नायकाचे वाक्य वाचायचे होते: 'आधी माफी माग.'

ती वाचेना.

"वाच ना, पोरी!" हॅलोरन ओरडले.

"नाही वाचणार."

"काय म्हणालीस?"

"हे वाक्य माझ्या तोंडून यायचं नाही, मिस्टर हॅलोरन. दुसरं कुणी बघा."

"छप्पन्न मिळतील! चालती हो इथून!"

एमेट उठला.  तो सरळ पावसात शिरला, कॅमेऱ्याच्या अगदी कडेला, ॲडेलापासून हातभर अंतरावर… आणि कुठल्याच कागदावर नसलेले बोलू लागला.

"चावी तुझ्याचजवळ राहू दे. मी तुला काहीच सोडायला सांगणार नाही. मला फक्त… तुझ्याबरोबर यायचंय. येऊ का?"

इतक्या आठवड्यांत मिस लेनॉक्स पहिल्यांदाच मनापासून हसली. भिजलेले केस मागे सारत म्हणाली, "विचारायला किती उशीर केलास रे, वेड्या! ये."

'कट' म्हणायचे सोडून दिग्दर्शकाने तोंडातली गोळीच गिळली. दिव्यांवरच्या कामगारांनी शिट्ट्या वाजवल्या.

"हा टेक छापायचा नाही!" हॅलोरन कडाडले. "लॉरी, उचल तुझं सामान. दोघंही निघा!"

पण नोंदपत्रावर ॲडेलाच्या पेन्सिलीने टेकच्या ज्या आकड्याभोवती गोल काढलेला असे, तोच टेक प्रयोगशाळा छापत असे. तिने शांतपणे चार या आकड्याभोवती गोल काढला. मग त्यावरून आणखी एकदा, ठसठशीत. नोंदपत्र कॅमेरावाल्याच्या हाती दिले आणि ती चालू लागली.

चित्रपट पुढे वसंतात लागला, तेव्हा पाचव्या लेखकाने टॅक्सीवालीला माफी मागायला लावलीच होती. पण या प्रसंगाच्या दुसऱ्याच दिवशी साऱ्या स्टुडिओने तो चौथा टेक पाहिला आणि उभे राहून टाळ्या वाजवल्या, असे मागाहून कळले. त्या दुपारी दोघांना यातले काहीच ठाऊक नव्हते.

फाटकाबाहेरच्या उन्हात एमेटच्या कपड्यांतून पाणी ठिबकत होते.

"नोकरी गेली तुमची," तो म्हणाला. "माझ्यामुळे."

"तुमच्यामुळे कशाला? माझी मी घालवली. तुमच्या आधी." ती थांबली. "टेक छान होता. तुमचा अभिनय मात्र भयंकर! आणि एक गोष्ट… बोलत होतात मिस लेनॉक्सशी, आणि बघत होतात भलतीकडेच."

"हो."

"मी ते नोंदवलं नाही."

या वेळी त्याने मान खाली घातली नाही.

"नोंदवा," तो म्हणाला. "फक्त चूक म्हणून नोंदवू नका. माझं तुमच्यावर प्रेम आहे, ॲडेला. आणि त्याबद्दल मी कुणाचीही माफी मागणार नाही."

ॲडेलाने त्याचा ओला हात हातात घेतला.

"पुन्हा म्हण," ती म्हणाली. "मोठ्याने. त्या फाटकाच्या आतपर्यंत जाऊ दे."

आणि एमेट लॉरी ओरडला.