ओतून दिलेलं पाणी

गेट्झल हॉर्निक मेला, तर टोप्यांचा अख्खा कारखाना भागीदार नोसन पेरेलमुटरचा होणार होता. कामगार शिमेनला काय मिळणार होतं? बेकारी. तरी पोलिसांनी नेलं ते शिमेनलाच. सकाळी कारखान्याची किल्ली आणायला तो गेट्झलच्या खोलीवर गेला आणि प्रेत पाहून ओरडला, एवढंच त्याचं चुकलं.

"काका, विजेच्या खुर्चीत बसवतील हो त्याला!" त्याची बायको रिव्के खासगी गुप्तहेर गाल्पेरिनच्या दारात रडत होती.

गाल्पेरिन आणि त्याचा मित्र मोटल लगेच न्यूयॉर्कच्या ऑर्चर्ड स्ट्रीटवर, गेट्झलच्या चाळीत पोचले. गेट्झलच्या मजल्यावरच्या बायका मागच्या खिडक्यांतून बादल्या रिकाम्या करत होत्या.

"हे काय भलतंच?" मोटल म्हणाला.

"आपल्या ज्यूंत मेलेल्याच्या शेजारच्या घरांत साठवलेलं पाणी ठेवत नाहीत, विसरलास? मृत्यूचा दूत त्यात सुरी धुतो म्हणे." गाल्पेरिननं खाली डोकावलं. मागच्या अंगणात बर्फातून पाणी अजून वाहत होतं. एकाच खिडकीखाली ते दगडासारखं गोठलं होतं. त्या गोठलेल्या पाण्यावर मांजर बसलेलं.

गेट्झल बिछान्यात होता. गळ्याला मापाच्या फितीचा फास. रक्ताचा थेंब नाही.

शेजारच्याच खोलीत राहणारा नोसन म्हणाला, "शिमेनच! काल सगळ्यांदेखत म्हणाला, मालकाचा गळा धरीन. मी रात्रभर उठलोच नाही. जाग आली ती त्या ओरड्यानं."

"तुला झोपण्याशिवाय येतं काय?" त्याची बायको ब्रायंडल कडाडली. "नळ गोठलेला, म्हणून मी दोन बादल्या भरून ठेवल्या. पहाटे बघते तर कोरड्या ठाक! चहाला पाणी मागायला बेकरीत गेले, परतताना जिन्यात शिमेनचा ओरडा ऐकला. आता ओतायलाही थेंब नाही माझ्याकडे!"

"तुमची खिडकी कुठली, वहिनी?"

"ती काय, मांजर बसलंय त्याच्या वरची."

गाल्पेरिननं जिन्यातल्या पोलिसाला आत बोलावलं.

"रक्त धुवायला वापरलं असेल पाणी," मोटल पुटपुटला.

"गळा आवळल्यावर कसलं रक्त, मोटल? इतरांनी पाणी सकाळी ओतलं, ते अजून वाहतंय. या खिडकीखालचं गोठलंय, म्हणजे रात्रीच ओतलेलं. ब्रायंडलनं ओतलं असतं, तर ती बोंबलली नसती. नोसन, प्रेत सापडण्याआधी शेजारी मेलाय हे तुला कोणी सांगितलं? गळा आवळताना हात थरथरला नाही तुझा. पण ते पाणी घरात ठेवायची छाती झाली नाही."

नोसन खिडकीकडे पाहत राहिला. "त्या बादलीत काहीतरी हललं," एवढंच तो म्हणाला.

गेट्झलचा जीव गेला होताच. नोसन विजेच्या खुर्चीत बसला. कारखान्याला कुलूप लागलं. शिमेन सुटून घरी आला तो बेकार. बाकी सगळी किंमत ब्रायंडलनं भरली. नवऱ्याच्या शोकाचे सात दिवस ती दार उघडं टाकून जमिनीवर बसली. चाळीतलं कोणी फिरकलं नाही. फक्त रिव्के आली, शोकातल्या घरी नेतात तशी उकडलेली अंडी घेऊन.

"मी तेव्हा तोंड मिटलं असतं तर गं?" ब्रायंडलनं विचारलं.

रिव्केनं अंडं सोलून तिच्या हातावर ठेवलं.

"तर इथे मी बसले असते."