आधी वस्तू, मग फोटो

शनिवारी दुपारी धाकटी लेक वडिलांचा, म्हणजे नानांचा, चष्मा शोधत होती आणि तो सापडला पिठाच्या डब्यात.

नानांना हल्ली काही आठवत नसे. औषधं कुठे, टॉवेल कुठे, आपली खोली कुठली. म्हणून लेकीने उपाय काढला होता. प्रत्येक वस्तूचा फोटो काढायचा आणि ती जिथे ठेवायची तिथे बाहेरून चिकटवायचा. कॅमेरा नानांचाच, बटण दाबलं की फोटो लगेच बाहेर टाकणारा. चाळीस वर्षं त्यांनी कोर्टासाठी पुराव्यांचे फोटो काढले होते. तुटकी कुलपं, कुणाच्या तरी चपला, एकदा नुसता एक चमचा. त्या चमच्याबद्दल ते म्हणत, "चमचा आपल्याकडे बघत नाही. फोटोतला बघतो."

लेकीलाही त्यांनी बजावलं होतं, "आधी वस्तू ठेव, मग फोटो लाव. उलटं करू नकोस."

"का हो?"

"फोटो म्हणजे जागेला दिलेला शब्द. शब्द दिला की वस्तूला जावं लागतं."

तिने ते या कानाने ऐकलं आणि त्या कानाने सोडून दिलं. एका संध्याकाळी फोटोंचा ढीग भराभर चिकटवून टाकला. वस्तू काय, सावकाश ठेवता येतील. घाईत काही फोटो भलतीकडे लागले, तेही तिच्या ध्यानात आलं नाही.

तेव्हापासून घरातल्या वस्तूंना जणू पाय फुटले. कात्री नानांच्या उशीखाली निघाली, तेव्हा थोरल्या भावाने निक्षून सांगितलं, सोमवारी नानांना वृद्धाश्रमात न्यायचं. धाकटी ती जागा बघून आली होती. फिनेलचा वास मारणारा लांब बोळ आणि खोल्यांना बाहेरून कड्या. नानांना तिथे ठेवायचा विचारही तिला सहन होत नव्हता. तरी फॉर्मसाठी थोरल्याने दोन फोटो मागितले, राहणाऱ्याचा आणि जबाबदार नातेवाइकाचा, तेव्हा तिने मुकाट्याने दिले. नानांचा एक हललेला फोटो उरला. वाया कशाला घालवायचा, त्यांना आपल्या चादरी तरी सापडतील, म्हणून आज सकाळी तिने तो चादरींच्या कपाटावर चिकटवला.

संशय तिला होता मावशींचा. मावशी नानांना सांभाळायला यायच्या. त्याच वस्तू हलवतात, हे एकदा सिद्ध झालं की नाना घरीच राहतील. संशयी माणसाला आधी माणूस सापडतो, कारण मागून मिळतं. काल तिने मावशींना कामावरून काढलं.

जाताना मावशी हळूच म्हणाल्या, "ताई, मी त्या वस्तूंना हातसुद्धा लावत नाही. मला भीती वाटते त्यांची."

चोराच्या उलट्या बोंबा, असं धाकटीला वाटलं.

पण आज मावशी नव्हत्या. नानांना आधाराशिवाय उठता येत नव्हतं. आणि काल रात्री तिने स्वतः टेबलावर ठेवलेला चष्मा पिठात रुतला होता. तिने डबा फिरवून पाहिला. त्यावर चष्म्याचा फोटो होता, तिनेच चुकून लावलेला.

ती नानांच्या खोलीत धावली. पलंग रिकामा होता.

घराच्या दाराला आतून कडी होती. खिडक्यांना गज. ती घरातल्या बोळात उभी राहिली आणि तिला खोकला ऐकू आला. नानांचाच, कोरडा, दोनदा. चादरींच्या कपाटातून.

त्या कपाटात पाच फळ्या होत्या, एकेका वितीच्या अंतरावर.

"नाना...?"

"उघडू नकोस," आतून दबका आवाज आला. "आधी फोटो काढ तो..."

तिने फोटो सोलून काढला, पलंगाच्या डोक्याशी चिकटवला आणि डोळे घट्ट मिटले. उघडले तेव्हा नाना पलंगावर होते. अंगाला डांबराच्या गोळ्यांचा वास होता. सदऱ्यावर चादरीसारख्या सरळ घड्या पडल्या होत्या. एक घडी कपाळावरून गालापर्यंत गेली होती आणि ती हाताने चोळून जात नव्हती.

धाकटी त्यांना बिलगून रडली. मावशींची माफी मागायला हवी होती. पण त्याआधी फॉर्म परत आणायला हवा होता, नाहीतर नाना तिकडे ओढले जातील. तिने थोरल्याला फोन लावला.

"फॉर्म कुठे आहे?"

"दिला की सकाळीच. फक्त जरा घोळ झाला. फोटोंची अदलाबदल झाली. राहणाऱ्याच्या चौकटीत तुझा लागला."

"काढ तो. आत्ताच्या आत्ता काढ."

"अगं, ऑफिस बंद झालं. आता सोमवारी. एवढं काय त्यात?"

तिने फोन ठेवला. नाना तिच्याकडे एकटक बघत होते. कधी नव्हे ते त्यांना सगळं आठवत असावं. त्यांनी तिचं मनगट घट्ट धरलं.

"सोडू नका, नाना," ती म्हणाली.

तिच्या बाहीला फिनेलचा वास येत होता. घरात फिनेल कधीच आणलेलं नव्हतं.