चौथा सड

"गुंड्या, शेवटचं विचारते! केरबामामाचं रेडकू तूच सोडतोस ना?"

"व्हय."

"अरे, पण का?"

"भूक लागलीया त्याला."

पद्मजाने कपाळावर हात मारला. रंकाळ्यात डुंबायचं सोडून सगळी सुट्टी या भावाच्या मागे चालली होती! गुंडू अकरा वर्षांचा, पण समज पाच वर्षांच्या मुलाची. पहाटे तो रेडकू सोडायचा, ते म्हशीला लुचायचं आणि केरबा गवळी गल्ली डोक्यावर घ्यायचा. वैतागून दादांनी, म्हणजे वडिलांनी, ठरवलं होतं: उद्याच्या एस.टी.नं गुंडूची रवानगी नेसरीला, आत्याकडे!

"त्याला चांगलं-वाईट काय कळतंय?" ते म्हणाले होते.

"मग खोटं का बोलत नाही तो? भूक म्हणतोय तर असणारच भूक!" पद्मजा शेजारच्या हंबीररावावर, तिच्या सवंगड्यावर, खेकसली. "उद्या केरबाच्या गोठ्यातच बघू!"

उजाडताच गुंडूसह तिघं कडब्याच्या गंजीमागे दडली. केरबा धारेला बसला. बाहेर गिऱ्हाइकं चरव्या घेऊन उभी होती. त्यांत दादाही होते. म्हशीचा एक सड, म्हणजे आचळ, रेडकासाठी सोडायचा, ही गवळ्यांची रीत. केरबाने चारही सड निपटून रिकामे केले आणि वर ओरडला, "एक सड सोडलाय बरं का, पावणं! मुक्या जिवाचं आपण खात न्हाय!"

"काय लबाड माणूस आहे!" हंबीरराव फुसफुसला.

पद्मजा ताडकन उभी राहिली. "मग सोडा की रेडकू! पिऊ दे त्याचं त्याला!"

"ए पोरी, घरला जा!"

"सोड की केरबा," गिऱ्हाइकं म्हणाली. "हुंदे खात्री!"

रेडकू धावलं. चौथ्या सडाला लुचलं, ढुशा दिल्या, आणि कोरड्या तोंडाने हंबरलं. केरबा मान वर करेना.

"पण गुंडू, न विचारता दुसऱ्याचं दूध पाजायचं नसतं," दादा म्हणाले.

"ठावं हाय. म्हणून मी माझा दुधाचा पेला पीत न्हाय," गुंडू म्हणाला. "माझ्यातलंच पितंय ते."

पद्मजाचे कान तापले. तो पेला रोज तीच गट्ट करत होती!

 दादांनी पद्मजाच्या पाठीवर थाप मारली. "शाबास! नेसरी रद्द. छडा लावलास की!"

"अहो दादा, मला काय म्हणताय? त्याला म्हणा की!"

दादा वळले. पण गुंडूला ऐकायला सवड कुठली! केरबा दुसऱ्या म्हशीखाली बसला होता आणि गुंडू त्याच्या खांद्याशी वाकून पाहत होता.

"बास, मामा! आता हात काढ. ह्यो सड रेडकाचा!"

आणि सगळ्यांदेखत केरबाने चौथा सड तसाच ठेवून म्हशीखालची चरवी उचलली.