पाठमोऱ्या बाईचा शिक्का

नवी पेठेतल्या गैबीसाबांच्या दुकानात मी गेले ती ‘शुभेच्छा’ या शब्दाचा नवा शिक्का करून घ्यायला. जुन्या शिक्क्यातला जोडाक्षराचा भाग झिजला होता आणि छापल्यावर ‘शुभेछा’ असं काहीतरी उमटायचं.

मी दिवसा सात रस्त्याजवळच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. संध्याकाळी घरी, शुक्रवार पेठेत, खिडकीशी टेबल ओढून भेटकार्डं बनवते. नक्षीचा कागद कापायचा, त्यावर साध्या कागदाचा तुकडा फोम टेपनं थोडा उचलून चिकटवायचा आणि मधोमध रबरी शिक्क्यानं चित्र उमटवायचं. आधी हा निव्वळ छंद होता. मग शिवम्मांनी त्यांच्या गिफ्टच्या दुकानात कार्डं ठेवायला सुरुवात केली आणि माझ्या संध्याकाळी भरून गेल्या.

गैबीसाब कचेऱ्यांचे आणि सोसायट्यांचे शिक्के करतात. ते मापं लिहून घेत होते तोवर मी काउंटरवरच्या पत्र्याच्या डब्यात हात घालून बसले. लोकांनी परत न नेलेले, नावं बदलल्यामुळे टाकून दिलेले शिक्के त्यात होते. त्यातच तो सापडला. तळव्यात मावेल एवढा लाकडी ठोकळा, त्यावर पाठमोरी बसलेली एक बाई. मानेखाली पदर, पाठीवर एक लांब वेणी. रेषा इतक्या कमी की मोजून काढाव्यात.

“हा कितीला?” मी विचारलं.

“त्यातलं काहीही घेऊन जा, बेटी,” ते वर न बघता म्हणाले. “मला जागाच होईल.”

त्याच संध्याकाळी मी निळ्या वेलबुट्टीच्या कागदावर पहिलं कार्ड केलं. छाप स्वच्छ उमटला. बाई जणू त्या वेलींच्या बागेकडे बघत बसली होती. शाई वाळायला म्हणून कार्ड टेबलावर ठेवलं आणि चहा टाकायला उठले. परत आले तर सासूबाई, मथुराबाई, टेबलाशी उभ्या होत्या. त्यांच्या हातात लसणाच्या पाकळ्या होत्या आणि त्या एकेक करून खाली पडत होत्या.

“ही रेश्मीची पाठ हाय,” त्या म्हणाल्या.

रेश्मा म्हणजे माझ्या नवऱ्याची, पृथ्वीराजची, धाकटी बहीण. माझ्या लग्नाच्या कितीतरी आधी, सांगोल्याला असताना, ती मैत्रिणीकडे जाते म्हणून निघाली आणि परत आलीच नाही. तक्रार झाली, पेपरात फोटो आला, विहिरी धुंडाळल्या. काही कळलं नाही. मी तिला फक्त फोटोत पाहिलंय.

“आई, मागून कुठलीही बाई अशीच दिसते.”

“लेकीची पाठ आईला वळखू येत न्हाय व्हय गं? डावा खांदा बग. दप्तराच्या वज्ज्यानं खाली आलाय.”

त्या झोपल्यावर मी पट्टी लावून पाहिलं. दोन्ही खांदे अगदी सारखे होते.

मी ते मनातून काढून टाकलं असतं. पण त्याच आठवड्यात शिवम्मा दुकानात कार्डं चाळता चाळता थांबल्या. त्या अक्कलकोटकडच्या. बोलता बोलता कन्नडमध्ये शिरतात आणि हसून परत येतात. त्या दिवशी हसल्या नाहीत.

“आमच्या शरणक्काला तुम्ही कुठं बघितलं?” त्यांनी विचारलं.

शरणम्मा त्यांची थोरली बहीण. पन्नाशीत देवाला जाते म्हणून बसमध्ये बसली, ती ज्या गावी उतरायची तिथं उतरलीच नाही. शिवम्मा बोट ठेवून मला दाखवत होत्या, “हे बघा की, मानेवर मस.” मी वाकून पाहिलं. कोरा कागद होता. मथुराबाईंना जिथं किडकिडीत पोर दिसली होती, तिथं यांना पन्नाशीची भरदार बाई दिसत होती. ते कार्ड त्यांनी विकायला ठेवलं नाही, घरी नेलं.

लॅबमध्ये एखादा निकाल विचित्र आला की आम्ही नमुना पुन्हा तपासतो, शिवाय शेजारी एक साधा नमुना ठेवतो. मी तेच केलं. ऑनलाइन दुसऱ्या एका पाठमोऱ्या बाईचा शिक्का मागवला, तोच कागद, तीच शाई, आणि दोन्ही कार्डं ओळखीच्यांना दाखवत सुटले. मागवलेल्या शिक्क्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. गैबीसाबांकडच्या शिक्क्याबद्दलही बहुतेकजण ‘छान’ म्हणून पुढे गेले. मात्र कुणीकुणी गप्प व्हायचं. आमच्या लॅबमध्ये झाडलोट करणाऱ्या अनवरीनं तर कार्ड ओढणीत गुंडाळून घेतलं आणि परत दिलंच नाही. मी हळूहळू चौकशी करत गेले. वारलेलं माणूस कुणालाच दिसलं नव्हतं. दिसली होती ती घरातून निघून गेलेली, मेल्याची खबर न आलेली बाई.

मला कुणीच दिसत नव्हतं. माझं असं कुणी गेलेलंच नव्हतं. खरं सांगायचं तर ज्यांना दिसायचं त्यांचा मला थोडा हेवा वाटायला लागला होता. रोज संध्याकाळी मी त्या छापाकडे डोळे बारीक करून बघत बसायचे.

एप्रिलच्या एका दुपारी शिवम्मांचा फोन आला.

“या की घरी,” त्या म्हणाल्या. आवाजात आनंद मावत नव्हता. “अक्का आली.”

उन्हानं रस्ते ओस पडले होते. शिवम्मांच्या घरामागे कुणाचे तरी यंत्रमाग चालू होते, त्यांची खडखड भिंतीतून येत होती. घरात गोडाचा वास होता. त्यांनी मला आतल्या खोलीच्या उंबऱ्यापाशी नेलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

आत पाटावर एक बाई बसली होती. तोंड बंद खिडकीकडे, पाठ आमच्याकडे. हिरवं लुगडं, मानेवर मस, पाठीवर वेणी. ती हलत नव्हती, पण नुसती ठेवलेली वस्तूही वाटत नव्हती. पाठीवरचा पदर श्वासाबरोबर वर-खाली होत होता.

“कधी आल्या?” मी कुजबुजले.

“परवा सकाळी. उठून बघते तर बसलेली.”

“काही बोलल्या?”

“बोलंल की. आताच तर आलीय.”

“जेवतात?”

“ताट ठेवून जाते. परत येऊन बघते तर रिकामं.”

भीती मला नंतर वाटली. त्या क्षणी फक्त एकच वाटत होतं. मला समोरून बघायचं होतं. मी उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं तसं शिवम्मांनी माझं मनगट धरलं. त्यांची बोटं गार पडली होती.

“नको.”

“तुम्ही पाहिलंत?”

त्यांनी मनगट सोडलं नाही. माझी नजर कपाटाकडे गेली. कपाटाच्या आरशावर त्यांनी चादर टाकली होती आणि ती घसरू नये म्हणून वरून दोरी आवळली होती.

“अक्काच हाय ती,” शिवम्मा म्हणाल्या. “आमची अक्का हाय. तुम्ही चहा घ्या.”

मी चहा न घेताच रिक्षा पकडली.

घरी आले तर मथुराबाईंच्या खोलीतून शेंगांच्या पोळ्यांचा वास येत होता. रेश्माला आवडायच्या म्हणून त्या वर्षातून एकदा करायच्या, तिच्या वाढदिवसाला. आज वाढदिवस नव्हता. फडताळात मी केलेलं ते पहिलं निळं कार्ड उभं करून ठेवलं होतं. खिडकीसमोर पाट मांडला होता. खिडकी बंद होती.

मी कार्ड उचललं, स्वयंपाकघरात नेलं आणि गॅसवर धरलं. सासूबाई मागोमाग आल्या. त्यांनी मला अडवलं नाही. कार्ड जळेपर्यंत उभ्या राहिल्या.

“शिवम्माचा फोन मलाबी आलता,” त्या म्हणाल्या. “तिची आली. माजी येत हुती. तू कोण गं आडवणारी?”

“आई, शिवम्मांकडं आलीय ती कोण आहे, मला माहीत नाही.”

“माजी लेक कशीबी येऊ दे,” त्या म्हणाल्या. “कशीबी.”

त्यानंतर कितीतरी दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. पाट मात्र मी उचलला तरी पुन्हा तिथंच मांडलेला असायचा.

शिक्का जाळायचं मला धाडस झालं नाही. जळताना त्याचं काय होईल, हे मला कळत नव्हतं. तो घरात ठेवणंही शक्य नव्हतं. शेवटी कागदात गुंडाळून गैबीसाबांकडे घेऊन गेले.

त्यांनी चष्मा पुसून रबर न्याहाळलं.

“हा माझ्या हातचा नाही. मी अक्षरं कापतो, माणसं नाही.”

रबरावर सगळं उलटं असतं, त्यामुळे असेल, तोवर त्यांचा चेहरा शांत होता. मग सवयीनं त्यांनी शिक्का शाईवर टेकवला आणि समोरच्या कागदावर दाबला. उचलला. कागद उजेडाकडे धरला. रस्त्यावर एक रिक्षा हॉर्न वाजवत अडकली होती.

“अरिबा,” ते म्हणाले.

त्यांना मुलगी होती हेच मला माहीत नव्हतं. मी सगळं सांगितलं. बंद खिडकी, रिकामं ताट, आरशावरची चादर, काही लपवलं नाही. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग शिक्का मुठीत धरला.

“बेटी, हा इथंच राहू दे.”

“चाचा, ऐकलंत ना तुम्ही?”

“ऐकलं. पण तिची अम्मी दारात वाट बघत गेली. आता वाट बघायला मी एकटाच राहिलोय.”

मी तो शिक्का मागून घेऊ शकले असते. घेतला नाही. माझ्या घरातून तो गेला याचं मला बरं वाटत होतं.

मे महिना गेला. शिवम्मांनी दुकान बंद ठेवलं, फोन उचलणं सोडलं. अनवरीनं लॅबमधलं काम सोडलं. मथुराबाई माझ्याशी पुन्हा बोलू लागल्या, पण मोजकंच, आणि खिडकीकडे बघत. मी कार्डं करणं थांबवलं होतं. तरी एका सकाळी पाय आपोआप नवी पेठेत वळले. भीती होतीच. पण शिवम्मांच्या उंबऱ्यावरून न दिसलेलं ते काय होतं, हा प्रश्न मला झोपू देत नव्हता.

गैबीसाब दुकानात होते. दाढी नीट केलेली, अंगावर धुतलेला सदरा. इतके तरतरीत मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. दुकानामागच्या खोलीवर नवा पडदा होता.

“आली?” मी विचारलं.

त्यांनी होकारार्थी मान हलवली. मग ओशाळल्यासारखे हसले.

“काही बोलते?”

“नाही.”

मी पडद्याकडे बघितलं. तो किंचित हलत होता, पंख्यानं असेल.

“समोरून पाहिलंत तिला?”

“पाहिलं की,” ते म्हणाले. “पहिल्याच दिवशी. बाप आहे मी.”

“मग?”

गैबीसाबांनी काउंटरवरची शाईची डबी उगाच बंद केली, उघडली, पुन्हा बंद केली.

“समोरूनही पाठच आहे, बेटी.”

माझी नजर पुन्हा पडद्याकडे गेली. ते मात्र अगदी सहज, बाजारातून काही आणायला सांगावं तसं म्हणाले, “लहानपणी तिची वेणी मीच घालायचो. आताही सकाळी तेल लावून घालतो. तुमच्याकडं कार्डाला लावायची लाल रिबीन असते ना? थोडी आणून द्याल? माझ्याकडं एक आहे. पण आता दोन लागतात.”