पाळण्याकडचा डोळा

संध्याकाळचे सात वाजून चाळीस मिनिटं. नोव्हेंबरातला दुसरा मंगळवार. चष्मेवाल्याने दुकानाचं शटर ओढलं, कुलूप दोनदा हिसडून पाहिलं आणि घरी जायच्या आधी मागच्या गल्लीतलं एक काम उरकायला निघाला. तिथूनच सगळं सुरू झालं.

हे सांगत होते कंपाउंडरकाका. चष्मेवाला त्यांचा तीस वर्षांचा दोस्त, म्हणजे ऐकीव गोष्ट नव्हे. जिन्यावर दिवा गेलेला. खालच्या पायऱ्यांवर तरणी पोरंपोरी दाटीवाटीने बसलेली.

"काका, घाबरवणार असाल तर आधीच सांगा. मला वरच्या मजल्यावर एकटीला जायचंय."

"मग आत्ताच जा. नंतर जमायचं नाही."

कुणी उठलं नाही. काका पुढे सांगू लागले.

काम साधंच होतं. मागच्या गल्लीतली शिवणकाम करणारी बाई, चष्मेवाल्याची जाड भिंगांची जुनी गिऱ्हाईक, आठ दिवसांपूर्वी वारली होती. मुलगा परगावी नोकरीला. तो खोली रिकामी करायला आलेला, आणि आईच्या पोपटाचं करायचं काय, हे त्याला सुचेना. चष्मेवाल्याचं मन मऊ. तो म्हणाला, "दे माझ्याकडे. नातीला करमणूक होईल."

मुलाने पिंजरा त्याच्या हातात दिला. "एक गंमत सांगू का, काका? आई समोर आली की याच्या डोळ्यातली बाहुली लहान-मोठी, लहान-मोठी व्हायची. भराभरा. आनंद झाला की पोपट करतात तसं. पण ते फक्त आईला बघून हं! नोकरीला जाईपर्यंत एवढी वर्षं मीच दाणे घातले, माझ्याकडे मेल्याने ढुंकून पाहिलं नाही." मग जरा थांबून तो म्हणाला, "आईला नातवंडाची फार हौस होती. माझं काही जमलंच नाही."

घरी बायकोने दारातच स्वागत केलं. "एक रडणारं आहे घरात, ते पुरत नव्हतं का? आता ओरडणारं आणलंत!"

मुलगी मात्र खूश. ती चार महिन्यांच्या लेकीला घेऊन आठवडाभर राहायला आलेली. "बाबा, पाळण्याशेजारीच टांगा ना. ती बघत पडेल, मला घटकाभर पाठ टेकता येईल."

चष्मेवाल्याने पिंजरा पाळण्याच्या बाजूला टांगला. हात लांब केला तर पोहोचेल एवढ्यावर.

जेवणं झाली. सव्वानऊ. मायलेकी आत भांडी आवरत होत्या. चष्मेवाला पिंजऱ्याच्या अलीकडे पाळण्याची दोरी धरून बसलेला. पोपटाचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना. एक डोळा चष्मेवाल्याकडे होता. अगदी शांत. मण्यासारखा.

पाणी प्यायला उठला तेव्हा तो पिंजऱ्याच्या पलीकडून, पाळण्याच्या बाजूने गेला. सहज पाहिलं. पाळण्याकडचा डोळा...

लहान. मोठा. लहान. मोठा.

पाळण्यात नात जागी होती. ती वर बघत होती. पोपटाकडे नाही. जरा अलीकडे, जिथे काहीच नव्हतं तिथे. आणि हसत होती.

"ट्यूब फडफडतेय," चष्मेवाला स्वतःशीच पुटपुटला. उजेडात बाहुली आकसते, अंधारात फाकते. उभा जन्म लोकांच्या डोळ्यांत बघण्यात गेलेला. त्यामुळे त्याला वाटलं, खात्री करून घेऊ. दुसरा कुणी असता तर पोरीला उचलून आत गेला असता. याने ट्यूब बंद केली.

खिशातली पेनाएवढी बॅटरी काढली. पिंजऱ्यापाशी वाकला. बॅटरी स्थिर धरली.

लहान. मोठा. लहान. मोठा.

त्या काळ्याभोर बाहुलीत खोली उमटली होती. आरशासारखी, इवलीशी. बॅटरीचा ठिपका. त्याचा स्वतःचा चेहरा. पाळणा.

आणि पाळण्यावर वाकलेलं कुणीतरी.

त्याने गर्रकन मान वळवली. पाळणा. अंधार. बस.

परत डोळ्यात पाहिलं.

आता ते वाकलेलं नव्हतं. सरळ उभं होतं. हात छातीशी... काहीतरी धरल्यासारखे.

पाळण्यातलं हसणं थांबलं.

दोरी हलत होती. त्याच्या हातात नव्हती...

"कोण...?"

आतली भांडीसुद्धा वाजेनात.

त्याने भिंत चाचपली. बटण सापडेना. रोजचं बटण, पण सापडेना. मग एकदाचं सापडलं.

उजेड.

नात पाळण्यातच होती. गाढ झोपलेली. त्याचा आवाज ऐकून मायलेकी धावत आल्या. मुलीने लेकीला उचललं, छातीशी धरलं, हातपाय पाहिले, पोट पाहिलं. सगळं ठीक. तिला हायसं वाटलं. मग ती पोरीचा चेहरा निरखू लागली.

"बाबा, हे काय हो?"

नाकाच्या शेंड्यावर नाही, वर, दोन डोळ्यांच्या मधोमध. दोन्ही बाजूंना एकेक खळगा. तांदळाच्या दाण्याएवढा, लालसर.

"दुपट्याची घडी रुतली असेल," बायको म्हणाली. "सकाळपर्यंत जाईल."

चष्मेवाल्याने वाकून पाहिलं. असे खळगे त्याने हजारो नाकांवर पाहिले होते. जाड भिंगांचा चष्मा वीस-तीस वर्षं लावावा, तेव्हा पडतात.

दुसऱ्या दिवशी उजाडताच तो पिंजरा त्या बाईच्या मुलाला परत देऊन आला. ती पोर आता दोन वर्षांची आहे. धावते, बोलते, हट्ट करते. खळगे तसेच आहेत.

जिन्यावर खालच्या पायरीवरून कुणीतरी विचारलं, "काका... मग ती पोर... तीच आहे ना?"

काका उठले. कठडा धरून दोन पायऱ्या उतरले.

"ते तिच्या आईने मला विचारलंय. मी अजून सांगू शकलो नाही. तुम्ही एवढं करा. ज्यांच्या घरी तान्हं आहे, त्यांना सांगा. गेलेल्या माणसाचा पोपट पाळण्याजवळ टांगू नका म्हणावं. आणि टांगलाच असेल, तर आत्ता जाऊन पाळण्याकडचा डोळा बघा म्हणावं. दिवा मात्र घालवू नका."