दगडाला लागलेलं तेल

माझ्या बॅगेत दगड निघाले म्हणून हौज खासच्या मेट्रो स्टेशनावर मला बाजूला उभं केलं. त्याच्या बॅगेत स्टीलच्या कड्या निघाल्या म्हणून त्यालाही माझ्या शेजारी.

"मॅडम, ये पत्थर किसलिए?" तपासणीवरच्या बाईंनी विचारलं.

"रिसर्च के लिए जी, पीएचडी."

हे उत्तर मला पाठ होतं. त्यावर त्या ज्या नजरेनं बघतात, तीही.

शेजारचा हळूच, स्वतःशीच म्हणाला, "चला, माझ्याहून वाईट अवस्था आहे कुणाची तरी."

आणि तेही मराठीत. दिल्लीच्या गर्दीत मराठी कानावर पडलं की मान आपोआप वळते. उंच, सावळा, स्वेटरची एक बाही कोपरापर्यंत गेलेली.

"ऐकू आलं मला," मी म्हटलं.

तो इतका ओशाळला, की मला बरंच वाटलं.

सुटका झाल्यावर दोघं जिन्याशी एकदमच पोचलो. "दगडांवर पीएचडी?" त्यानं विचारलं.

"दगडांतल्या चिरांवर." आणि मग मी सुटलेच. कारखान्यांच्या धुरातला कार्बन डायऑक्साइड पकडून खोल जमिनीखाली खडकात भरून ठेवायचा, असं आता जगभर घाटतंय. पण खडकात जुन्या चिरा असतात, त्यांना भ्रंश म्हणतात. वायूचा दाब वाढून चिरेच्या दोन बाजू एकमेकींवरून घसरल्या, तर जमीन हादरते, नाहीतर वायू वर निसटतो. "म्हणून मी खडकाचे दोन तुकडे एकमेकांवर दाबते, ढकलते आणि किती जोर लावल्यावर घसरतात ते मोजते."

"आणि घसरतात?"

"सहजासहजी नाही."

"अच्छा... मालकिणीवर गेलेत म्हणजे."

मी तरातरा जिना उतरले. पण गाडी आली तरी मी चढले नाही, हेही खरं.

त्याचं नाव निहार. पुण्याचा. मानेसरच्या एका कारखान्यात सील बनवायचा — गाडीच्या इंजिनातून तेल गळू नये म्हणून बसवतात त्या कड्या. हे ऐकून मी त्याच्याकडे असं काही पाहिलं असणार, की तो एक पाऊल मागे सरकला. माझ्या यंत्राचं सील दोन आठवडे गळत होतं. दाब टिकत नव्हता आणि माझी शेवटची चाचणी तेवढ्यासाठी अडली होती.

"बनवून द्याल?"

"मी चहा तरी विचारणार होतो आधी," तो म्हणाला.

मग तो माप घ्यायला प्रयोगशाळेत आला. मग घेतलेलं माप पुन्हा घ्यायला आला. तिसऱ्यांदा आला तेव्हा मापाचं नावही काढलं नाही. आम्ही फाटकाबाहेरच्या गाड्यावर शकरकंदी, म्हणजे भाजलेलं रताळं, खाल्ली, वर लिंबू आणि मसाला. बोलता बोलता 'तुम्ही' कधी गळून पडलं ते दोघांनाही कळलं नाही. तो माझ्या बोटांना लागलेल्या काळ्या दगडी भुकटीकडे बघत राहायचा आणि मी पकडलं की रस्त्यावरच्या रिक्षांकडे बघायचा. संध्याकाळी मी लक्ष्मीबाई नगरात आत्याच्या सरकारी क्वार्टरवर परतले, की आत्या म्हणायची, "आजकाल तुझे दगड फारच हसवतात वाटतं तुला."

एके दिवशी दगड बसवलेला अख्खा स्टीलचा साचाच मी निहारकडे सोपवला. सील त्यावर नीट बसायला हवं होतं. शनिवारी सुट्टी असून तो कारखान्यात गेला, सील स्वतःच्या हातानं बसवलं आणि रविवारी साचा स्वच्छ कापडात गुंडाळून आणून दिला. एरवी मी प्रत्येक तुकडा धुऊन, भट्टीत वाळवून मगच यंत्रात घालते. पण सगळं इतकं छान तयार होतं, आणि खरं सांगायचं तर त्यानं केलेलं उसवावंसं वाटेना.

सोमवारी सकाळी चाचणी घेतली. एक थेंब गळला नाही. आणि दगड मात्र निम्म्याहून कमी जोरात सरकन घसरला.

तीन वर्षं मी हा खडक भक्कम आहे असं सांगत आले होते. याच्या पोटात वायू भरा, चीर हलणार नाही, असं. शुक्रवारी तेच सगळ्यांसमोर मांडून प्रबंधाला परवानगी घ्यायची होती. माझ्या मार्गदर्शक क्षिप्रा मॅडमनी आलेख बराच वेळ पाहिला. "ये एक टेस्ट तुम्हारी पूरी थीसिस काट रही है. वजह बताओ, नहीं तो फ्रायडे भूल जाओ. साल भर और लगेगा."

मी जिन्यात बसून निहारला फोन लावला. रडू येत होतं, तरी सगळं सांगितलं.

"किती... निम्म्यानं?" त्यानं विचारलं.

"हो."

"अच्छा. ठेवतो मी." आणि फोन बंद.

मी फोनकडे बघतच राहिले. दगडापेक्षा तेच जास्त लागलं. चार गोड शब्द बोलायला काय जात होतं याचं?

दुपारी मावठ्याचा पाऊस सुरू झाला. जानेवारीतला दिल्लीचा पाऊस म्हणजे हाडं गारठवणारा. तीनच्या सुमारास फाटकावरून निरोप आला, कुणी भेटायला आलंय. निहार होता. पाळी अर्धी सोडून, कारखान्याच्या निळ्या शर्टात, नखशिखांत भिजलेला.

"तुझा दगड कमजोर नाहीये," तो म्हणाला. "मी तेल लावलंय त्याला."

"काय?"

"आमच्याकडे पॅकिंगआधी प्रत्येक पार्ट गंजू नये म्हणून तेलाच्या फडक्यानं पुसतात. सहा वर्षांची सवय यार... हात चालत गेला. साचा पुसला, आतला दगडही पुसला. 'निम्म्यानं'ला तू 'हो' म्हणालीस तेव्हा आठवलं." त्यानं ओले केस मागे सारले. "फोनवर सांगता आलं नसतं. तुझ्या तोंडावर सांगायला हवं होतं."

मी त्याच्याकडे बघत होते आणि छातीवरचं ओझं उतरत होतं. खडक खरा होता. माझी तीन वर्षं खरी होती. मला हसू फुटलं आणि डोळ्यांतून पाणीही.

"शनिवार होता म्हणून दगडाला तेल वाहिलंस होय रे? शेंदूर तेवढा राहिला."

"हसतेस काय... ओरड ना मला."

"ओरडते. आधी आत चल."

तुकड्यांची एकच जोडी शिल्लक होती. ती मी धुतली, भट्टीत वाळवली. निहार दाराशीच हात पाठीमागे बांधून उभा, कशाला म्हणून शिवेना. दाब चढवला. त्यानं केलेलं सील घट्ट धरून होतं. पडद्यावरची रेघ वर चढू लागली. सकाळी दगड जिथं घसरला होता ती जागा आली... गेली. रेघ चढतच राहिली. क्षिप्रा मॅडम माझ्यामागे उभ्या होत्या. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"तेलवाली टेस्ट भी लिख देना, वजह के साथ," त्या म्हणाल्या. "फ्रायडे, ग्यारह बजे."

त्या गेल्यावर मी खुर्चीत मटकन बसले. किती तरी दिवसांनी पोटभर श्वास घेतला.

"गप्प बसला असतास तर मला कधीच कळलं नसतं," मी म्हटलं. "एक वर्ष माझ्या हाताला, माझ्या दगडाला दोष देत बसले असते. तू मात्र चांगला राहिला असतास."

"हो. बसमध्ये तोच विचार चालला होता." तो ओल्या बाह्या पिळत होता. "वाटलं, सांगितलं तर तू जाशील. नाही सांगितलं तर तू राहशील... पण मग मी तुझ्यासमोर कसा बसणार? आवडतेस तू मला, अश्लेषा. फार. आज हे बोलायचा दिवस नाही, माहितेय."

"आजचाच आहे," मी म्हटलं. "आवडत होतासच. सकाळपर्यंत नुसता आवडत होतास. आता तुझ्यावर डोळे मिटून विसंबेन."

मी ओढणीच्या टोकानं त्याच्या कपाळावरचं पाणी टिपलं, तर त्यानं माझा हात तिथंच धरून ठेवला, भुकटीसकट.

बाहेर अंधारून आलं होतं आणि तो कुडकुडत होता. मी आत्याला फोन लावला. "आत्या, खिचडी जरा जास्त टाक. एक जण जेवायला येतोय."

"कोण गं? कुणाकडचा?"

मी निहारकडे पाहिलं. हात अजून सुटला नव्हता.

"माझ्याकडचा," मी म्हटलं.