जावयाचा शर्ट

अंकितानं त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो अंगणात बाळाची लंगोटं वाळत घालत होता. एकेक झटकून, टोकाला टोक जुळवून, चिमटा लावून... इतकं मन लावून, की स्कूटी फाटकाशी येऊन थांबली तरी त्याला पत्ता नाही. हिंगणीसारख्या खेड्यात असा पुरुष दिसणं म्हणजे जवळच्या बोर अभयारण्यात भरदुपारी वाघ दिसणं. अंकिता हेल्मेट न काढताच बघत राहिली. मग तो वळला, तिला पाहून हसला, आणि हातातलं ओलं लंगोट कुठं लपवावं ते त्याला कळेना.

"कोन पाह्यजे?"

"मोहिनीताईंचं बाळ इथंच ना? मी वर्ध्याहून आले... वजन करायला."

अंकिता राहायची पिपरी मेघेला आणि वर्ध्यातल्या एका वैद्यकीय संशोधनाच्या कामावर होती. नोकरी नवीकोरी, अजून कच्ची. काम नीट झालं तर पक्की, नाहीतर घरी बसून आईनं आणलेली स्थळं बघायची. कमी वजनाचं बाळ आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवलं तर त्याला ऊब मिळते, ते दूध नीट पितं, हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. तिच्या डॉक्टर मॅडमना बघायचं होतं ते त्याच्या पुढचं. बापानंही रोज थोडा वेळ बाळ असंच छातीशी घेतलं तर आईला विसावा मिळतो का, बाळ आणखी बाळसं धरतं का? कल्पना झकास होती. अडचण एवढीच, की गावोगावचे बाप शर्ट काढायला तयार नव्हते.

ओसरीवर बाळाची आजी, शोभाबाई, सरकी काढलेल्या कापसाची मऊ गादी करत बसली होती. शेजारी खुर्चीवर इस्त्रीच्या पॅंटमधला एक तरुण बशीतून चहा पीत होता, आणि त्याच्यासमोर बिस्किटांची ताटली होती. अंकितानं पद्धत समजावून सांगितली.

"याला कांगारू पद्धत म्हणतात, मावशी. कांगारूची मादी पोटाच्या पिशवीत पिल्लू ठेवते ना, तसं."

"आमच्या जंगलात वाघ हाय, अस्वल हाय, पन थैलीवालं जनावर नाई पाह्यलं बाप्पा."

"ते इकडं नसतं. तर... बाळाचे वडील कोण?"

इथं शोभाबाईंनी जे केलं ते नीट सांगायला हवं, नाहीतर वाचणाऱ्याचाही अंकितासारखाच घोळ व्हायचा. खुर्चीवर चहा पिणारा तोच बाळाचा बाप, सचिन. बुटीबोरीच्या कारखान्यात कामाला, सुट्टी मिळाली की यायचा. लंगोटं वाळवणारा तो मोहिनीचा भाऊ, गोपाल. पण पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे हे घर सचिनची सासुरवाडी. ज्या जावयाला पाणीसुद्धा तांब्याखाली ताटली ठेवून द्यायचं, त्याला सासूसमोर उघडा बसवायचा? आणि नाही म्हणावं, तर दर आठवड्याला घरी येऊन वजन करणारी ही पोरगी हातची जाणार. नातू तर एवढासा, कापसात ठेवला तर शोधावा लागेल. शोभाबाईंनी दम घेतला नाही. त्यांनी सरळ गोपालकडे बोट केलं.

"हा काय, हाच बाप. खुर्चीवरचा तो मामा."

"आई!" गोपाल म्हणाला.

"गप. काढ शर्ट."

अंकितानं नियमाप्रमाणे संमतीचा मजकूर वाचून दाखवला. गोपाल भिंतीला पाठ लावून, फाशीचा हुकूम ऐकावा तसा ऐकत होता. "तुमच्यावर कोणतीही सक्ती नाही. मधेच केव्हाही सोडून जाऊ शकता. तुमचं नाव कुणाला सांगितलं जाणार नाही. समजलं का? काही प्रश्न?"

"श्वास घेतला तं चालते का?"

"घ्या की." तिला हसू आवरेना. "न घेऊन कसं चालेल?"

तिनं टोपडं घातलेलं बाळ त्याच्या छातीवर उभं ठेवलं, मान एका बाजूला वळवली आणि कापडी पट्टा बांधला. पट्ट्याची गाठ मारताना तिची बोटं त्याच्या खांद्याला लागली. तो शहारला... थंडीचे दिवस होते, थंडीनंच शहारला असेल. बाळानं मात्र एक जांभई दिली आणि डोळे मिटले.

"मान सरळ ठेवा, सचिनजी," अंकिता म्हणाली. तिच्याकडच्या यादीत बापाचं तेच नाव होतं.

खुर्चीवरच्या 'मामा'नं चटकन मान सरळ केली.

"आणि त्याच्याशी बोलत राहा. आवाज ओळखतात बाळं."

"काय बोलू?"

"काहीही."

गोपालनं घसा साफ केला आणि बाळाला कापसाचा भाव सांगितला. मग बोंडअळीबद्दल सांगितलं, शेतातल्या पंपाला रात्रीच मिळणाऱ्या विजेबद्दल सांगितलं. बाळ ऐकता ऐकता गाढ झोपलं. अंकिता जागीच होती, आणि बोंडअळीबद्दल कुणी इतकं गोड बोलू शकतं हे तिला आजवर माहीत नव्हतं.

त्यानंतर दर आठवड्याला ती येऊ लागली. वजनकाट्यावर बाळ चढायचं, सगळं घर श्वास रोखायचं, आकडा वाढलेला दिसला की शोभाबाई तिच्या हातात डिंकाचा लाडू ठेवायच्या. गोपाल आता न सांगता शर्ट काढून तयार असायचा. बोलायचा मात्र बाळाशीच.

"पाह्यलं का रे, म्याडमनं आज निळी ओढनी घेतली. मागच्या बारीले पिवळी होती. तुले कोनती आवडली? निळी? मलेबी."

"बाळाला रंग कळत नाहीत अजून," अंकिता काट्यावरून नजर न उचलता म्हणायची.

"ऐकलं का, रंग कळत नाईत म्हनते तुले. मंग कायले हसून राह्यला?"

"ते हसणं नाही. पोटात गॅस झालाय त्याला."

"असू दे रे. कोनी काई म्हनो. मले बी तुले पाहून तेच होते."

तिला खुदकन हसू यायचं, आणि पाठोपाठ स्वतःचा भयंकर राग. लग्न झालेला माणूस! बायको आत बाळंतीण, आणि हा बाहेर ओढण्या मोजतो! आणि आपण? आपण का वेड्यासारखं सकाळी आरशासमोर उभं राहतो? एकदा तिनं ठरवून जुना, विटलेला मेंदी रंगाचा ड्रेस घातला. त्यावर बाळाला सांगण्यात आलं, की कोवळ्या तुरीचा रंग असाच असतो.

मनाला लगाम घालायचा म्हणून ती मुद्दाम मोहिनीपाशी जाऊन बसली. "तुमचे मिस्टर फार मनापासून करतात हो. नशीबवान आहात."

मोहिनीला लाडवाचा असा ठसका लागला, की शेवटी तिनं तोंड उशीत खुपसलं. तिचे खांदे बराच वेळ हलत होते. अंकिताला वाटलं, बिचारी रडते आहे. म्हणजे हिलाही नवऱ्याची लक्षणं ठाऊक असणार! त्या दिवशी गोपाल तिला सोडायला फाटकापर्यंत आला, तर ती तोंड फिरवूनच चालत होती.

"म्याडम... हे लेकरू मामावर गेलं म्हनतात सारे." त्याचा आवाज पडला होता. "तुमाले काय वाटते?"

तिनं ओसरीवर डुलक्या घेणाऱ्या सचिनकडे नजर टाकली. "अजिबात नाही. नाक थेट तुमचं आहे."

"तेच तं म्हनून राह्यलो..."

"आणि एक सांगू? बायकोकडे लक्ष द्या जरा!" तिनं स्कूटीला किक मारली. गोपाल फाटक धरून उभा राहिला. सांगावं तर आईची शपथ, न सांगावं तर ही अशी.

इकडे वर्ध्याच्या बैठकीत डॉक्टर मॅडमनी सगळ्यांसमोर अंकिताची पाठ थोपटली. शर्ट काढणारे बाप तिच्याच गावांत सर्वांत जास्त निघाले होते. नोकरी पक्की होणार, असं जो तो म्हणू लागला.

मग बाळाच्या अशक्तपणामुळे लांबलेलं बारसं आलं. शोभाबाईंनी अंकितालाही आग्रहानं बोलावलं. बाळ आता चांगलं गुटगुटीत झालं होतं, त्यामुळे आजीला आनंदात आपली जुनी थाप आठवलीच नाही. सचिनची बहीण, आकांक्षा, बोरगाव मेघेहून आली होती. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. तिनं पाळण्याशी येताच खुर्चीवरच्या 'मामा'ला हाक मारली.

"दादा, असा दूर काऊन बसला? बाप हायस ना? वहिनीजवळ बस. आन् मामा कुठं गेला? वाळे आनले का त्यानं?"

नवा शर्ट घातलेला गोपाल चांदीचे वाळे घेऊन पुढे आला. समोर अंकिता दिसली आणि तो जागीच थिजला. मोहिनीनं पुन्हा उशी शोधली.

अंकिताच्या मनात आधी काय आलं ते सांगायलाच हवं. आधी आला आनंद, असा की पायाखालची जमीन हलकी झाली. हा मामा आहे. मोहिनीचा नवरा नाही! आणि लगोलग दुसरी गोष्ट ध्यानात आली. तिनं बाप म्हणून जे जे नोंदवलं ते सगळं खोटं होतं. मॅडमची शाबासकी खोटी, पक्की होऊ घातलेली नोकरीही खोटी.

ती मागच्या अंगणात गेली. गोपाल पाठोपाठ आला. एरवी शहरी मराठी बोलणारी अंकिता रागावली, की तिची पिपरी मेघे बाहेर यायची.

"काऊन खोटं बोलले तुमी? मले नोकरीवरून काढतीन ना आता!"

शोभाबाई मधे पडल्या. "माह्यी चूक हाय व पोरी. जवाई मानूस, त्याले उघडा कसा बसवू? लोकं तोंडात शेन घालतीन! पोराले म्याच शपथ घातली होती."

"बाळाचं वजन तं खरंच वाढलं ना?" गोपाल हळूच म्हणाला.

"वाढलं. पण मामाच्या छातीवर वाढलं. उद्या मी मॅडमना सारं सांगणार आहे."

"नका सांगू म्हनलं तर?"

"तरी सांगणार. उद्या कुणाच्या बाळाचा इलाज यावरून ठरेल. खोट्यावर कसा ठरवायचा?"

गोपालनं मान खाली घातली. "मंग मी संगं येतो."

"काही गरज नाही!"

दुसऱ्या दिवशी ती मॅडमच्या खोलीत सगळं सांगून, ओढणीच्या टोकाला गाठी मारत उभी होती, तेवढ्यात दार ढकलून गोपाल आत आला. मागे शोभाबाई, हातात लाडवांचा डबा.

"म्याडम, यांची काई चूक नाई," तो एका दमात म्हणाला. "खोटं आमी बोललो. शिक्षा द्याची तं मले द्या."

मॅडमनी चष्मा काढला. आधी कपाळाला हात लावला, मग त्यांचे खांदे हलू लागले, मग त्या मोठ्यानं हसल्या. "माझंही पहिलं बाळंतपण माहेरीच झालं हो! तेव्हा आमच्या ह्यांना माझ्या आईनं फुलासारखं जपलं होतं. आणि मी बाप शोधायला पाठवते कुठं, तर त्यांच्या सासुरवाडीत!"

सगळ्या घरी पुन्हा चौकशी झाली. शर्ट काढणाऱ्या बापांत बरेच मामा निघाले. एके ठिकाणी तर बाळाचे आजोबा होते, मिशांना कलप लावलेले. त्या सगळ्या नोंदी बापांच्या हिशेबातून बाद झाल्या. आता बापांची वेगळी आणि मामा-आजोबांची वेगळी, अशी पाहणी नव्यानं करायची ठरली. अंकिता कामावर राहिली. खोटं पकडलं जाण्याआधी स्वतः येऊन सांगणारं माणूस मला हवंच आहे, असं मॅडम म्हणाल्या. पण गोपालचं घर पाहणीतून गळालं, आणि हिंगणीच्या त्या फाटकाशी स्कूटी थांबवायला आता काही कारण उरलं नाही.

एकच उरलं होतं. पट्टा परत आणायचा होता.

ती गेली तेव्हा गोपाल ओसरीवर बाळाला घेऊन बसला होता. बाळ आता पट्ट्यात राहायला तयार नव्हतं, लाथा मारून बाहेर यायचं. पट्टा धुऊन, घडी घालून ठेवला होता. त्यानं तो तिच्या हातात दिला, पण आपलं टोक काही सोडलं नाही.

"म्याडम, तुमाले काई वाचून दाखवाचं हाय. कागद नाई, पाठ हाय."

"काय?"

तो सावरून बसला. कान लाल झाले होते. "तुमच्यावर कोनतीही सक्ती नाई. तुमचं नाव..." तो अडखळला. "तुमचं नाव मी साऱ्या गावाले सांगन. आन्... मधात सोडून जाता येनार नाई. समजलं का? काई प्रश्न?"

अंगणात कापसाचा एक पुंजका वाऱ्यानं इकडून तिकडे गेला. अंकितानं पट्ट्याचं आपलं टोक हळूच बोटाला गुंडाळलं.

"एक प्रश्न आहे. आमच्या घरी याल, तेव्हा कोण म्हणून बसाल? खरं सांगायचं हं, यावेळी."

"जवाई म्हनून."

"मग आधीच सांगते." तिनं मान वर केली. "आमच्या घरी जावयाचे लाड नाहीत. माझं बाळंतपण माहेरी होईल, आणि शर्ट तुम्हालाच काढून बसावं लागेल. मामाबिमा चालणार नाही!"

बोलून गेली, आणि आपण काय बोललो ते तिच्या ध्यानात आलं. तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. दाराआडून मोहिनीचा ठसका ऐकू आला. शोभाबाई लाडू आणायला उठल्या.

गोपालनं बाळाच्या कानाशी तोंड नेलं. "ऐकलं का रे?" तो म्हणाला. "म्याडमनं संमती देल्ली."